उपदेशानंतरची आठ वर्षं

रविवारची उपासना संपली की आमच्याकडे ख्रिस्तमंदिराच्या आवारातल्या कडुनिंबाखाली चहा होतो, आणि चहा संपेपर्यंत उपदेशाचा निकाल लागलेला असतो. निकाल दोनच प्रकारचे. एक, "लय भारी बोलले बाप्पा आज!" आणि दुसरा, "आज आत्म्यानं बोलले." पहिल्यात कौतुक असतं, पण दुसऱ्याची पायरी वरची मानली जाते. जणू भारी बोलणं माणसाकडून येतं आणि पवित्र आत्मा आला की माणसाची हुशारी बाजूला होते. हे दोन्ही निकाल मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ही वाटणीच मला पटत नाही. आज त्याबद्दलच लिहायचंय.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमची मंडळी पंधरा-वीस घरांची. पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत, त्यामुळे महिन्यातला एखाद-दुसरा रविवार आमच्यापैकी कोणाच्या तरी वाट्याला येतो. माझ्याही येतो. शाळेत दरवर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करण्याचं कामही माझंच. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, टाळी आली तर ती विरेपर्यंत पुढचं वाक्य कसं धरून ठेवायचं, हे मी पाचवी-सहावीच्या पोरांना शिकवते. म्हणून बोलण्याच्या कलेला मी हलकं मानू शकत नाही. ती कष्टानं येते. आणि सहावीतलं घाबरट पोरगं तीन मिनिटं न अडखळता बोलून खाली बसतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते देवाचंच देणं आहे असं मला वाटतं.

आमच्या भागात एक समज खोल रुजलाय: कागद घेऊन उभा राहिला तो आत्म्याचा नाही. आधी लिहून काढलं, टिपणं केली, तर पवित्र आत्म्याला जागा कुठं उरली? त्याला आधार म्हणून मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं वचन दाखवतात. कसं बोलावं, काय बोलावं ह्याची चिंता करू नका, त्या घटकेला तुम्हाला सुचवलं जाईल. पण हे येशूनं कोणाला सांगितलं? ज्यांना धरून न्यायसभेपुढे, राज्यपालांपुढे उभं करणार होते त्यांना. बेड्या पडलेल्या माणसाला तयारीला वेळ नसतो, म्हणून त्याला दिलेला तो धीर आहे. ज्याच्या हातात सोमवार ते शनिवार आहेत त्याच्यासाठी ते वचन नाही, असं मी आमच्या मंडळीत उघड म्हणते, आणि काहींना ते आवडत नाही. माझा अनुभव असा की आत्मा मला सगळ्यात जास्त भेटतो तो मंगळवारी-बुधवारी, उतारा चौथ्यांदा वाचताना, जेव्हा मला सोयीचं नसलेलं वाक्य नजरेआड होईनासं होतं. रविवारी उभी राहते तोवर निम्मं बोलणं झालेलं असतं, माझं आणि देवाचं.

अलीकडे ह्यात मोबाईलची भर पडलीय. मोठ्या सभांमधले उपदेश सगळे ऐकतात. मग आमच्या गावातलं पोरगं, जे एरवी चांगलं वऱ्हाडी बोलतं, व्यासपीठावर गेलं की त्याचा आवाज घोगरा होतो, अर्धी वाक्यं हिंदीत जातात, दर दोन मिनिटांनी "हालेलूया बोला" येतं. लोकांना वाटतं, अभिषेक उतरला. मला त्या पोरांबद्दल तक्रार नाही, त्यांचं मन खरं आहे. पण यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात देव म्हणतो की जे संदेष्टे एकमेकांपासून माझी वचनं चोरतात त्यांच्या मी विरुद्ध आहे. ते वाचलं की मला काळजी वाटते. घोगरा आवाज हीदेखील एक शैलीच. पाठ केलेलं भाषण जसं शिकून येतं तसं हेही शिकून येतं. त्यामुळे आवाजावरून आत्मा ओळखता येत नाही, गोड आवाजावरून नाही आणि फाटक्या आवाजावरूनही नाही.

ह्या विषयावर सगळे प्रेषित पौलाकडे जातात, मीही जाते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा वक्तृत्वाचा किंवा ज्ञानाचा डौल घेऊन आलो नाही. अशक्त, भयभीत, थरथर कापत आलो. हे वाचून कोणालाही वाटेल की वक्तृत्व वाईट. पण करिंथ कसलं शहर होतं ते आधी बघायला हवं. व्यापारी बंदर, पैसा भरपूर, जवळच इस्थमियन क्रीडास्पर्धा भरायच्या आणि त्या गर्दीत बोलण्यावर पोट भरणारे वक्ते यायचे. लोक वक्ते निवडायचे, त्यांच्यावरून वाद घालायचे. तीच सवय मंडळीत आली. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा म्हणजे पेत्राचा. पौलाला छळत होतं ते हे. पाचव्या वचनात त्यानं कारण स्पष्ट लिहिलंय: तुमचा विश्वास माणसांच्या ज्ञानावर नाही, देवाच्या सामर्थ्यावर उभा राहावा. म्हणजे त्याचा प्रश्न जिभेचा नव्हता. ऐकणारा शेवटी कोणावर टेकून उभा राहतो, हा त्याचा प्रश्न होता.

आणि त्याच पत्रात तेरावा अध्याय आहे. मी माणसांच्या व देवदूतांच्या भाषांमध्ये बोललो पण माझ्यात प्रीती नसली तर मी वाजणारी थाळी... इतकी ठेक्याची, चढत जाणारी ओळ ज्याला लिहिता येते त्याला बोलण्याची कला येत नव्हती असं कोण म्हणेल? समोर बोलताना तो कमी पडायचा हे खरं असावं. त्याची पत्रं वजनदार पण भाषण टाकाऊ, असं लोक म्हणायचे हे तोच दुसऱ्या पत्रात सांगतो. त्रोवसात तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हेही बायबलनं लपवलेलं नाही. पण कला ठाऊक असूनही करिंथात त्यानं ती हत्यारासारखी उपसली नाही. कारण तिथं लोक त्या हत्यारालाच नमस्कार करायला टपलेले होते.

नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकात धंदेवाईक वक्ता म्हणून एकच माणूस येतो, चोविसाव्या अध्यायातला तिर्तुल्ल. प्रमुख याजकानं त्याला आणलं ते पौलावर आरोप करायला. त्याची सुरुवात वाचा: महाराज, आपल्यामुळे आम्हाला केवढी शांतता लाभली, आपल्या दूरदृष्टीनं ह्या राष्ट्रात किती सुधारणा झाल्या. हे ज्याला उद्देशून होतं त्या रोमी राज्यपाल फेलिक्सचा कारभार माहीत असलेल्या कोणालाही ते ऐकवलं नसतं. शब्द सुंदर, पण त्यांच्याखाली जमीन नाही. मी शाळेत मुलांना भाषणाच्या सुरुवातीला अध्यक्षांची लांबलचक स्तुती करू देत नाही, त्यामागे तिर्तुल्ल आहे. मुलांना ते ठाऊक नाही.

पण त्याच पुस्तकात अपुल्लोसही आहे. आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात निपुण, शास्त्रात पारंगत, आत्म्याने उत्साही. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं हे सगळं एका दमात लिहिलंय, वक्तृत्व आणि आवेश यांच्यात "पण" घातलेला नाही. त्याला कमी होतं ते एवढंच की योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचं त्याला माहीत नव्हतं. इफिसच्या सभास्थानात प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला ऐकलं, भर सभेत अडवलं नाही, आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. तंबू शिवणारं जोडपं, आणि त्यात बाईचं नाव आधी. नामांकित वक्त्यानं त्या बाईचं ऐकून घेतलं. आत्मा कामाला लागलेला कुठं दिसतो असं मला कोणी विचारलं, तर शिष्यांवर आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवसाइतकंच मी ह्या बैठकीकडे बोट दाखवीन.

तिसऱ्या शतकानंतरच्या मंडळीच्या इतिहासात ह्या प्रश्नावर ऑगस्टीनइतका अधिकार कोणाचा नसेल, कारण तो आधी वक्तृत्वाचा शिक्षकच होता. ३८४ मध्ये तो मिलानला ते शिकवायला आला आणि तिथल्या बिशप अ‍ॅम्ब्रोजच्या उपदेशांना जाऊन बसू लागला. काय सांगतो ह्यात त्याला रस नव्हता, कसं सांगतो ते बघायचं होतं. पण शब्दांच्या मागोमाग अर्थही आत शिरला. ३८७ मध्ये अ‍ॅम्ब्रोजच्याच हातून त्यानं बाप्तिस्मा घेतला. पुढं म्हातारपणी, ४२६ च्या सुमारास, उपदेशकांसाठी लिहिताना त्यानं विचारलं की खोटं बोलणाऱ्यांनी नेटकं, स्पष्ट, पटेल असं बोलायचं आणि खरं सांगणाऱ्यांनी मात्र ऐकणारे कंटाळतील असं, हे कसं चालेल? आणि तिथंच तो हेही सांगतो की बोलणारा होण्याआधी माणसानं प्रार्थना करणारा व्हावं.

त्याच लिखाणात एक हकिगत आहे, ती मी कितीदा वाचली असेल. उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेतानियात कैसरिया नावाचं शहर होतं. तिथं वर्षातल्या ठरावीक दिवसांत गावातलेच लोक दोन तट पाडून एकमेकांवर दगड चालवायचे. शेजारी शेजाऱ्यावर, भाऊ भावावर, बाप लेकावर. माणसं मरायची. आपल्याला हे समजायला लांब जावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते, तीत किती घरं उजाड झाली ते आपल्या भागाला ठाऊक आहे, आणि प्रशासनानं प्रयत्न करूनही ती थांबलेली नाही. ऑगस्टीन त्या कैसरियात उभा राहिला आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून बोलला. लोकांनी टाळ्या, आरोळ्या दिल्या. तो लिहितो की तेव्हा मला वाटलं नाही की काही साधलं. त्यांना समजतंय आणि आवडतंय एवढंच कळलं. त्यांचे अश्रू दिसले तेव्हा आशा वाटली. आणि मग पुढं तो सांगतो की आता आठ वर्षं किंवा त्याहून जास्त झाली, ख्रिस्ताच्या कृपेनं तिथं पुन्हा तसं काही झालेलं नाही.

टाळी, मग अश्रू, मग आठ वर्षं. आपण कडुनिंबाखाली निकाल देतो तो पहिल्या दोन्हींवर. अश्रूंनाच आपण आत्मा म्हणतो. मला अश्रूंचं मोल कमी करायचं नाही, पण आमच्या उपवास-प्रार्थनेत ढसाढसा रडलेला माणूस बुधवारच्या बाजारात मजुरीचे पैसे दाबून ठेवताना मी पाहिलाय. आठ वर्षांचा निकाल चहा संपायच्या आत लागत नाही.

माझी आजी बायबल-बाई होती. मिशनच्या काळात ज्या घरांत परक्या पुरुषाला पाऊल टाकता येत नसे, तिथं ह्या बाया जायच्या. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीनं, जी आता बंद पडलीय, ती कुठल्यातरी छोट्या स्टेशनावर उतरायची आणि पायी वाट धरायची. तिला वाचता यायचं, पण बोट ठेवून, सावकाश. घरात गेली की आधी त्या बाईच्या जात्याला हात लावायची. दळता दळता ओवीच्या चालीवर येशूची गोष्ट. मी पहिल्यांदा मंडळीत बोलणार होते तेव्हा तिनं सांगितलं, "पोरी, पयले जातं वढ, मंग तोंड उघड." ती तिच्या लहानपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकून आलेली. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, तेही लोकांनाच प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून, वऱ्हाडीत. शाळा न शिकलेला माणूस, पण त्यांच्या इतका जमावाला धरून ठेवणारा वक्ता विदर्भानं क्वचित पाहिला. आजी ख्रिस्ती होती, तिची भक्ती वेगळी होती, पण बोलावं कसं हे मी तिथं शिकले असं ती मोकळेपणानं सांगायची. तिच्या ह्या म्हणण्याचा मला फार आदर वाटतो.

विदर्भाचा आणि ना. वा. टिळकांचाही असाच संबंध आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. त्या माणसाचं नाव त्यांना कधी कळलं नाही. डब्यातल्या त्या संभाषणात वक्तृत्व असेल-नसेल. टिळकांना खिळवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि मग ह्या कवीनं आपली सगळी कविता, अभंग, कीर्तन ख्रिस्तापुढं आणून ठेवलं. कला सोडून दिली नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. लंडनचा प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन ह्याचंही तसंच. १८५० च्या जानेवारीत बर्फाच्या वादळात तो वाटेतल्या लहानशा चॅपलमध्ये शिरला, नेमलेला उपदेशक पोचलाच नव्हता, आणि कोणी साधा माणूस उभा राहून यशयातलं एकच वचन पुन्हा पुन्हा सांगत होता. फार बोलता येत नव्हतं म्हणून. त्या अडखळत्या बोलण्यातून पुढं हजारोंना ऐकू येणारा वक्ता निघाला.

आमच्याच मंडळीतली गोष्ट सांगते. जून संपता संपता पाऊस दडी मारून बसला होता, पहिली पेरणी वाया गेलेली. त्या रविवारी बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी मार्कच्या चौथ्या अध्यायावर संदेश दिला, पेरणाऱ्याच्या दाखल्यावर. फार सुंदर बोलले. वाट, खडक, काटेरी झुडपं, चांगली जमीन, प्रत्येक चित्र डोळ्यापुढं उभं केलं. शिकलेले होते, नीट तयारी करून आले होते. संदेशानंतर साक्षीची वेळ. मागून एक शेतकरी उठले, जे कधी उठत नाहीत. म्हणाले, "पयलं बियाणं जळालं. बायकोचं गळ्यातलं मोडून पिशव्या आणल्या, पुन्हा पेरलं. तुम्ही वाटंवरचं बी सांगितलं तवा मले वाटलं, देवानं आपल्यात किती वेळा दुबार पेरलं असन?" एवढंच बोलून बसले.

सगळे म्हणाले, आत्मा त्यांच्या तोंडून बोलला. मला विचाराल तर तो पाऊण तास आधीपासूनच बोलत होता. त्या उपदेशकांनी वाटेवरचं बी इतकं स्पष्ट दाखवलं नसतं तर त्यांना आपलं जळालेलं बियाणं त्यात दिसलं नसतं. आणि त्यानंतर जे झालं ते कोणीच उपदेशात सांगितलेलं नव्हतं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाशी त्या शेतकऱ्याचं बोलणं बंद होतं. उरलेली एक पिशवी त्यांनी त्या भावाकडे पाठवली, कारण त्याचंही जळालं होतं. आज ते दोघं एकाच धुऱ्यावरून बैलगाडी नेतात.

ऐकणाऱ्यांबद्दल आपण कमी बोलतो. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायात देव त्याला सांगतो की हे लोक तुझ्यापुढं येऊन बसतात, तू त्यांना मंजूळ आवाजाच्या, चांगलं वाजवणाऱ्या गायकासारखा वाटतोस. तुझे शब्द ऐकतात, पण तसं करत नाहीत. यहेज्केल तर आत्म्यानं भरलेला संदेष्टा. त्यालाही लोकांनी करमणूक करून टाकलं. म्हणजे उपदेशकात आत्मा असूनही उपदेश वाया जाऊ शकतो, आणि तेव्हा दोष व्यासपीठावर शोधून उपयोग नाही.

यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत, पुण्याला हलेपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. उपदेश कसा रचायचा ह्याचं शिक्षण तिथं रीतसर मिळायचं. आता गावातल्या पोराला ते हाताशी नाही, त्याच्या हाती मोबाईल आहे. म्हणून मंडळीतल्या मोठ्यांनी हे काम अंगावर घ्यावं असं मी पाळकसाहेबांपुढं मांडलं आणि त्यांनी ते मान्य केलं. जिनिंगमध्ये काम करणारा आमचा एक बारावी झालेला मुलगा पुढच्या महिन्यात पहिल्यांदा बोलणार आहे. त्यानं मला विचारलं, "मॅडम, आवाज कसा काढू?" मी म्हटलं, आवाजाचं शेवटी बघू. आधी उतारा हातानं लिहून काढ. मग मंडळीतल्या, अक्षर न येणाऱ्या मोठ्या मायकडे जा, तो वऱ्हाडीत वाचून दाखव, आणि ती काय विचारते ते लिहून आण. त्यानं अपुल्लोसाचाच उतारा घेतलाय. मोठ्या मायनं पहिलाच प्रश्न टाकला, "त्या बाईनं त्याले घरी नेलं, मंग जेवाले काय केलं व्हतं?" तो माझ्याकडे येऊन म्हणतो, हे तर शास्त्रात नाही. मी त्याला सांगितलं, संदेशाची सुरुवात तिथूनच कर.